सदोमचा दाखला देताना
‘ख्रिस्ती लोक समलैंगिकतेला एकमुखाने पाप मानतात’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ (कॅटेकिझम) समलिंगी संबंधांना चूकच म्हणतो, पण त्याच ग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात अशा माणसांना आदराने, करुणेने स्वीकारा असंही लिहिलंय. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. विवाहाची व्याख्या मात्र तीच ठेवली.

मी नाशिकचा, शरणपूर रोडला राहतो. आमच्या चर्चच्या मंडळीत पेटी वाजवणारा एक मुलगा होता. एका रविवारी उपदेशात सदोमचा, म्हणजे समलैंगिकतेच्या पापामुळे देवाने नष्ट केलं असं सांगितलं जातं त्या बायबलमधल्या शहराचा, दाखला आला आणि त्यानंतर तो आलाच नाही. पण बायबलमधल्याच यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा अपराध गर्व आणि गोरगरिबांना हात न देणं असा सांगितलाय. ते वचन त्या दिवशी कुणी वाचलं नाही. मीही गप्प बसलो, ते अजून सलतं.