‘गुंगीची गोळी’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. पंडिता रमाबाईंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “ताई, बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. श्रद्धा म्हणजे दुःखावरची गुंगीची गोळी. रमाबाई खचल्या आणि ख्रिस्ती झाल्या, एवढंच. भावनेच्या भरात सनही चुकवलात. जरा वाचन वाढवा.” शिवाय दोन प्रश्न: रमाबाईंची लेक मनोरमा वाचली नाही, मग प्रार्थनेचा उपयोग काय? आणि धर्म न बदलताही त्या काळात बायका उभ्या राहिल्याच ना?

सनाचं मान्य. बाप्तिस्मा १८८२ चा लिहिला गेला होता. तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे झाला. १८८२ मध्ये त्यांचे पती वारले. दुरुस्ती केली आहे, आभार. पण “जरा वाचन वाढवा”? माझ्या आजीला सही करता येत नव्हती, पण अर्धी स्तोत्रं तिला तोंडपाठ होती. त्या घरात मी वाढले. ओळख ना पाळख, आणि एकदम शिकवणी?

आता ती गोळी. वधस्तंभावर देण्याआधी येशूला बोळ (एक कडू, सुगंधी डिंक) मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही, असं मार्काच्या शुभवर्तमानात आहे. वेदना बधिर करायचा तो उपाय होता. आमचा प्रभू तो नाकारतो, आणि मग शुद्धीवर राहून “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असं ओरडतो. ज्या श्रद्धेच्या मध्यभागी हे वाक्य आहे, तिला तुम्ही गुंगी म्हणता.

माझे यजमान सहा वर्षं डायलिसिसवर होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. पहिलं वर्षभर मी प्रार्थना केली नाही. पाळकसाहेब घरी आले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. मग एका रात्री बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचनात आलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. माझ्यासारखं बोलणारं कुणीतरी शास्त्रात आधीपासून होतं. त्या रात्री पुन्हा गुडघे टेकले.

बळ मिळालं ते कशाचं, तेही ऐका. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. नगरचा मे महिना, दुपारचे तीन, आणि ते म्हणायचे, “अगं, एक घोट.” मी “नाही” म्हणायचे, दिवसातून दहा वेळा, सहा उन्हाळे. गुंगीत असते तर तांब्या पुढे केला असता. ते “नाही” म्हणायची ताकद मी रोज पहाटे मागून घेत होते. हे माझ्या अंगावरून गेलंय, तुम्ही कुठे वाचलंय ते मला ठाऊक नाही.

आणि रमाबाई खचल्या म्हणे! आई-वडिलांना त्यांनी ऐन तारुण्यात, दुष्काळी भटकंतीत गमावलं. १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली शेकड्यांनी पुण्याजवळच्या केडगावला, आपल्या आश्रमात घेऊन आली. ज्या दृश्यात तिचं घर संपलं होतं, त्याच दृश्यात ती आपल्या पायांनी परत गेली. ऐकू कमी येत असताना तिने हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून बायबल सोप्या मराठीत आणलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशीही तिने सिद्धान्तांवरून पत्रांतून वाद घातला. गुंगीतला माणूस वाद घालतो का हो?

उरलेले दोन प्रश्न. इतर बायका उभ्या राहिल्या, त्यांना माझा नमस्कार. माझा लेख त्यांच्यावर नव्हता. मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, एप्रिल १९२२ मध्ये आई गेली. त्या आठ-नऊ महिन्यांकडे बोट दाखवून “उपयोग काय” विचारणाऱ्याशी मला बोलायचं नाही.

पुन्हा लिहाल तर नावानिशी लिहा. आणि ताई म्हणायचं असेल, तर ताईशी बोलतात तसं बोला.