बॅटरीचे पाच नियम, आणि त्यांतला कॅमेरा जाळणारा

चतुर्थी जवळ आली की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘गणपतीचे फोटो काढणाऱ्यांसाठी बॅटरीचे पाच नियम’. मला तो मालवणच्या ग्रुपवरून आला, कणकवलीच्या आला आणि चाकरमान्यांच्याही. नियम असे: रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे म्हणून कमजोर, साधे 1.5 व्होल्टचेच घाला. एमएएच (सेलवर छापलेला साठ्याचा आकडा) जितके जास्त तितका सेल चांगला. बॅटरी शून्यावर आल्याशिवाय चार्ज करू नका, नवी असेल तर बारा तास लावा. उरलेले सेल फ्रिजमध्ये ठेवा. आणि दुप्पट ताकद हवी तर पेन्सिल सेलच्याच मापाचा 3.7 व्होल्टचा लिथियम सेल वापरा.

आधी हा पाचवाच घेतो, कारण यात कॅमेरा जातो. 3.7 व्होल्टचा तो सेल, 14500 नावाने मिळणारा, दिसायला हुबेहूब एए, म्हणजे पेन्सिल सेलसारखा असतो. पण पूर्ण चार्ज झाला की तो 4.2 व्होल्ट देतो. चार सेलच्या फ्लॅशला 6 व्होल्ट लागतात. त्यात हे चार घातले तर जवळजवळ 17 जातात. आतलं सर्किट ते सोसत नाही. एए मापात 1.5 व्होल्टचे न चार्ज होणारे लिथियम सेलही मिळतात. ते वेगळे, वजनाला हलके आणि कॅमेऱ्यासाठी उत्तम, फक्त महाग. म्हणून ‘लिथियम’ एवढा शब्द वाचून सेल घेऊ नका, व्होल्ट वाचा.

आता पहिला नियम. हा सगळ्यांत जास्त पसरलेला आहे, कारण तो हिशेबाने बरोबर वाटतो. आमच्याकडे दहिकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला जाताना शेजारचे काका दर वर्षी सांगायचे, “दीड व्होल्टाचे घाल रे, मगे बघ.” एका जत्रेत मी तेच केलं. संकासुर राक्षसाचं सोंग रंगमंचावर आलं, मी दहा-बारा फ्लॅश मारले, आणि पुढच्या प्रत्येक फोटोसाठी फ्लॅशचा दिवा लागायची वाट बघत राहिलो. पहाटेपर्यंत चालणारा खेळ मध्यरात्रीच माझ्या हातून गेला.

झालं काय? फ्लॅशच्या आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो. तो जवळपास 300 व्होल्टपर्यंत भरावा लागतो आणि त्यासाठी सेलमधून एकदम एक-दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढला जातो. 1.5 हा आकडा अल्कलाइन, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या सेलचा, पण नवा असताना आणि भार नसताना. जोराने ओढलं की आतल्या रोधामुळे तो झपाट्याने 1.2 च्या खाली येतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये जो सेल 2500 एमएएचपर्यंत देतो, तोच एक अँपिअरच्या भाराखाली निम्माही देत नाही. साध्या झिंक-कार्बन सेलची गत तर त्याहून वाईट. निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे नेहमीचा रिचार्जेबल सेल, 1.2 च्या आसपास बराच वेळ टिकतो, कारण त्याचा आतला रोध कमी असतो. त्याचा दोष वेगळा होता: जुने सेल कपाटात पडून आपोआप उतरायचे. 2005 मध्ये सान्यो या जपानी कंपनीने पडून राहिले तरी फारसे न उतरणारे ‘एनेलूप’ सेल आणले आणि ती अडचणही बरीच मिटली. काही कॅमेऱ्यांत सेलचा प्रकार निवडायची सोय असते. तिथे ‘निकेल मेटल हायड्राइड’ लावा, नाहीतर भरलेले सेलही रिकामे दिसतात.

एमएएच म्हणजे सेलमध्ये किती साठा आहे ते. तो किती जोराने बाहेर येईल, हे त्यावरून कळत नाही. एए मापात चांगल्या कंपनीचे सेल 2000 ते साधारण 2700 च्या आसपास थांबतात. बाजारात 4000 छापलेला सेल दिसला तर तो खोटा समजा. हातात घेऊन वजन बघा, खरा सेल 25 ते 30 ग्रॅमचा असतो.

शून्यावर आणायचा आणि बारा तास लावायचा नियम निकेल कॅडमियमच्या काळातला. त्या सेलना ‘मेमरी’ची अडचण होती, म्हणजे वारंवार अर्धवट उतरवून चार्ज केले तर ते पुढे तेवढंच देऊ लागायचे, आणि तेव्हाचे मंद चार्जर तेवढा वेळ घ्यायचेच. आजच्या कॅमेऱ्यांतली लिथियम आयन बॅटरी शून्यापर्यंत नेली तर उलट लवकर थकते. अर्धी उरली असताना लावा, चार्जर आपोआप थांबतो. बरेच दिवस वापरणार नसाल तर निम्मी भरून ठेवा.

फ्रिजचं सांगायचं तर अल्कलाइन सेल बाहेर ठेवले तरी वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतात. आपल्या दमट हवेत थंडगार सेल बाहेर काढला की त्यावर दव धरतं, आणि ते पाणी कॅमेऱ्यात जातं. झाकणाच्या प्लास्टिक डबीत, नाण्यांपासून आणि चाव्यांपासून लांब, एवढं पुरतं. विसर्जन झालं की मात्र कॅमेऱ्यातले सेल काढा. अल्कलाइन सेल आत विसरले तर पाझरतात आणि सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. तसा दिसला तर लिंबाच्या रसाचे दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो पुसा, मग कोरड्या फडक्याने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.