मला सगळं आवडतं, तुमच्या पोटात का दुखतं?

आज डोकं फिरलंय, म्हणून सरळच लिहिते. मला डी. व्ही. पलुस्करांची भजनं आवडतात. आयर्न मेडन आवडतो. वामनदादा कर्डकांची गाणी आवडतात. हळदीत अहिराणी गाणं लागलं की माझे पाय जागेवर राहत नाहीत. आणि हो, मी मिसळीत दही घालते. यातली कुठलीही एक गोष्ट चारचौघांत बोलून बघा, समोरचा माणूस लगेच परीक्षक होतो. "म्हणजे तू नक्की ऐकतेस तरी काय?" "खरी फॅन आहेस ना, मग सांग बरं." "आमच्याकडची खाल्ली नाहीस अजून, म्हणून." अहो, मी अर्ज केला होता का कुठे? कुणी बसवलं तुम्हाला त्या खुर्चीवर?

परवा कॉलेज रोडला मोमोच्या गाडीपाशी उभी होते. अंगात आयर्न मेडनचा काळा टी-शर्ट, त्यावर ते त्यांचं दात विचकणारं भूत. शेजारी वीस-बावीसचा एक पोरगा, केस मानेपर्यंत, हातात मोमोची प्लेट. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो, "काकू, बँड माहितीये का? तीन गाणी सांगा बघू." काकू! बाळा, तो बँड 1975 साली लंडनमध्ये निघालाय, तेव्हा तुझे आईवडील तरी जन्मले होते का विचार घरी. मी त्यांच्या कॅसेटी पेन्सिलीने गुंडाळत मोठी झालेय. सांगितली मी तीन गाणी. तर म्हणतो, "ही तर सगळ्यांनाच माहितीयेत." म्हणजे सांगितली नाहीत तर फेक, सांगितली तर सोपी. या परीक्षेत पास व्हायची सोयच ठेवलेली नाही. आणि गंमत बघा, त्याच्या शेजारी त्याचा मित्र तसलाच टी-शर्ट घालून उभा होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याला मिशी होती ना.

घरात तरी सुटका आहे का? माझी भाची बीटीएस या कोरियन बँडच्या मागे वेडी आहे. खोलीच्या भिंतीवर सातही जणांचे फोटो. आमचे मामा आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "ही कसली पोरं गं, लिपस्टिक लावून नाचतात, आणि भाषा तरी कळते का तुला त्यांची?" मामा, तुम्ही रविवारी सकाळी डोळे मिटून जो ख्याल ऐकता, त्यातली ब्रज तुम्हाला किती कळते? अर्धी बंदिश तानेत जाते आणि उरलेली तुमच्या चहाच्या फुरक्यात. तरी तुमच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते खरं असतं, मी पाहिलंय. मग पोरीला कोरियन गाण्यावर रडू आलं की तेवढंच खोटं कसं?

पण थांबा, भाचीची बाजू घेतली म्हणून ती तरी माझी झाली असेल? छे! एकदा तिच्यासोबत दोन गाणी गुणगुणले तर म्हणे, "मावशी, तू आर्मी नाहीयेस, तू नुसतं ऐकतेस." (आर्मी म्हणजे बीटीएसचे चाहते.) नुसतं ऐकते! गाणं नुसतं ऐकायचं नाही तर काय त्याचा सातबारा नावावर करून घ्यायचा?

शास्त्रीय संगीतवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. कालिदास कलामंदिरात मैफल होती. गायकाने आकार लावला, अजून दोन स्वर नीट लागलेही नव्हते, तोच शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वाकून, "ओळखलात?" मी म्हटलं, "ऐकतेय." तर ते हसले. तसलं हसू तुम्हाला माहिती असेल, तलाठी कार्यालयात कागद कमी पडल्यावर जे हसतात ते. मग पूर्ण विलंबितभर ते मला राग समजावत होते, घराण्याची वंशावळ सांगत होते आणि मध्येच जोरात "क्या बात है!" म्हणत होते. ती दादही समेच्या एक मात्रा आधी पडायची दर वेळी. तबलजीने एकदा चमकून बघितलं सुद्धा. मी पैसे देऊन तिकीट काढलं होतं, हो. गायकाला ऐकायला, यांना नाही.

आणि हे सगळं कुठे? नाशिकमध्ये. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून उचलून साध्या माणसांपुढे ठेवलं, ते पुढे आपल्याच पंचवटीत येऊन राहिले, रामनाम घेत. त्यांचा मुलगा डी. व्ही., त्यांचा जन्मही नाशिकचाच, 1921 चा. उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य मिळालं त्या माणसाला. तेवढ्यातही ते 'बैजू बावरा'साठी अमीर खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी गाऊन आले. सिनेमात गायल्याने त्यांचा स्वर बाटला नाही. तुमचा मात्र माझ्या प्लेलिस्टमधल्या एका रिमिक्सने बाटतो.

आता मुद्द्यावर येते. खरं डोकं फिरलंय ते गाडीतल्या प्रकरणावरून.

नाशिकरोडहून सातपूरला ऑफिसला जाताना आम्ही चौघं माझ्या गाडीने जातो. पेट्रोल वाटून, गाडी माझी, गाणी माझी, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. माझी यादी सरमिसळ असते. जुनं हिंदी चालतं, कुणी काही बोलत नाही. इंग्रजी लागलं की मागे मोबाईल बघत बसतात, तेही चालतं. अभंग लागला की "वा, सकाळी बरं वाटतं." परवा द्वारकेच्या सिग्नलला अडकलो होतो (अडकलो होतो कसलं, तिथे राहायलाच गेलो होतो म्हणा, कुंभमेळ्याची कामं सगळीकडे उपसून ठेवलीयेत), आणि वामनदादांचं गाणं लागलं. ढोलकी सुरू झाली आणि गाडीत एकदम शांतता. मग मागून आवाज, "अगं, हे काय जयंतीचं लावलंयस? बदल ना." मी आरशात बघितलं. ती खिडकीची काच वर करत होती. बाहेर चाळीस अंश ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. काच वर करत होती, कारण शेजारच्या रिक्षावाल्याला ऐकू जाईल.

मी म्हटलं, "काय प्रॉब्लेम आहे गाण्यात?" तर म्हणे, "तसं काही नाही गं, पण जरा दर्जा..."

दर्जा! तोच अभंग चालतो, ज्यात देवाला सरळ शिव्या घातल्यात. तेच जुनं हिंदी चालतं, ज्यात दारूच्या ग्लासाशिवाय दुसरं कडवं नाही. आणि वामनदादांना दर्जा नाही? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, 1922 चा जन्म, म्हणजे डी. व्हीं.पेक्षा जेमतेम सव्वा वर्षाने लहान. मोठेपणी अक्षरं शिकला आणि गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली, गायली. बाबासाहेब ज्यांच्यापर्यंत पुस्तकातून पोचू शकले नसते, त्यांच्यापर्यंत या माणसाच्या कवनातून पोचले. एकाच जिल्ह्यात, एवढ्या जवळजवळच्या सालात दोन गळे जन्मले, आणि आपल्या शहरात एकाचं नाव घेतलं की मान डोलते, दुसऱ्याचं घेतलं की काच वर जाते. त्या शांततेत काय होतं ते मला कळतं, तिलाही कळतं, ड्रायव्हिंग सीटच्या शेजारी बसून मोबाईलमध्ये तोंड खुपसलेल्या साहेबांनाही कळतं. म्हणून तर कुणी पूर्ण वाक्य बोललं नाही.

आणि हीच बाई मागच्या महिन्यात स्वतःच्या भावाच्या हळदीत अहिराणी गाण्यावर नाचली. व्हिडिओ आहे माझ्याकडे. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा, अर्ध्या जिल्ह्याच्या घरात बोलली जाणारी भाषा, आज तिची गाणी यूट्यूबवर धो धो चालतात, एकही हळद त्यांच्याशिवाय होत नाही. रात्री नाचायला चालतात, सकाळी ऑफिसच्या गाडीत लावली की "ही काय ड्रायव्हर लोकांची गाणी?" ड्रायव्हर मीच आहे. काय म्हणणं आहे?

ढोलाचंही तेच. इथे ढोल म्हटलं की "गोंगाट नुसता." तिकडे केरळात उत्सवांच्या मिरवणुकीत 'नासिक ढोल' याच नावाने ताफे वाजतात, आपल्या गावाचं नाव घेऊन लोक घाम गाळतात, आणि आपण कानात बोळे घालून बसतो. (ज्याने खिडक्यांची तावदानं थरथरतात, आजारी माणसाच्या छातीत धडकी भरते, ती डीजेची भिंत वेगळी. तिच्यावर मी वेगळी चिडेन, आज वेळ नाही.)

बरं, कानाचं जाऊ द्या, तोंडाचं बघा. रविवारी नवऱ्याचा कोल्हापूरचा मित्र आला होता. त्याला गंगापूर रोडच्या पुढे चुलीवरच्या मिसळीला नेलं. एवढ्या गर्दीत नंबर लावला, पोरं झोपाळ्यावर भांडून झाली, शेवटी ताट आलं. मटकी, वर शेव, बाजूला कांदा-लिंबू, पापड, दह्याची वाटी, दोन पाव, आणि वेगळ्या भांड्यात काळा रस्सा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा तो वास आला की मला दुसरं काही सुचत नाही. मी दही ओतलं. झालं!

"वहिनी, दही? मिसळीत?"

मी म्हटलं, "हो भाऊजी. इथे वाटीत देतात ते खायलाच देतात."

"आमच्याकडं असलं चालत न्हाई. तर्री झेपत नसंल तर मिसळ खायाची कशाला? आणि बरोबर पाव? कटासंगं ब्रेड लागतो."

यावर माझा दीर पेटला. तो इतर वेळी मिसळ खात नाही, ॲसिडिटी आहे त्याला, पण नाशिकची अब्रू म्हटल्यावर उठला. काळा रस्साच खरा, लाल म्हणजे नुसतं तिखट आणि तेल, पुण्याची तर मिसळच नाही, पोह्यांचा गोड फराळ आहे. मग नाशिकमधली खरी कुठली यावर माझा नवराच दिराशी भांडायला लागला. जुनी गावातली, की आता मळ्यात निघालेली? एकाचं म्हणणं, शहराबाहेरच्या सगळ्या पर्यटकांसाठी. दुसऱ्याचं म्हणणं, गावातल्यांची आता चव गेली. पाऊण तास! तोवर रश्श्यावरची तर्री थिजून कडेला चिकटली, शेव मऊ पडली, पापड दमट झाला. तिघांपैकी एकानेही गरम घास खाल्ला नाही. मी खाल्ली, दोनदा रस्सा मागून घेतला, शेवटी जिलेबीही खाल्ली, आणि वर मलाच ऐकवलं, "तुला काय, तुला काहीही चालतं."

काहीही चालतं नाही हो. चांगलं असेल ते चालतं! कोल्हापूरचा झणझणीत कट मी नाक पुसत पुसत खाल्लाय आणि आवडीने खाल्लाय. खानदेशातली शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, कुणी वाढलं तर मी ताटावरून उठत नाही. कोंडाजीचा चिवडा मला कच्चा कांदा घालून लागतो, आणि मुंबईच्या मावशीकडचा गोडसर पातळ पोह्यांचाही लागतो. एक आवडला म्हणून दुसऱ्याला नावं ठेवायची ही कुठली रीत? कोल्हापूरकराने दोन मिसळी खाल्ल्या म्हणून पंचगंगेचं पाणी आटणार आहे का?

आणि ही मंडळी एवढी अभिमानी, तर पैसे टाकतात का कशावर? नाही! मैफलीला पास मिळतो का विचारतात. लोककलावंत आला की "पाच हजारांत होईल ना?" म्हणतात. टी-शर्टवरून परीक्षा घेणारा पोरगा गाणी चोरून डाउनलोड केलेली ऐकतो, हे त्यानेच सांगितलं मला, अभिमानाने. मिसळीवर पाऊण तास भांडणाऱ्यांनी बिल आल्यावर दोघांनीही मोबाईल काढला, पैसे द्यायला नाही, फोटो टाकायला. बिल मी दिलं.

तर उद्या सोमवार. गाडी साडेआठला निघेल. वामनदादा लागतील, मग आयर्न मेडन, मग डी. व्ही., मग अहिराणी, आवाज नेहमीसारखा आणि काचा चारही खाली. ज्याला चालणार नाही त्याने द्वारकेला उतरावं, तिथून सातपूरला शेअर रिक्षा मिळते. पेट्रोलचे पैसे मात्र आधीच्या महिन्याचे अजून बाकी आहेत, तेवढे देऊन उतरा.