लेकॉकला फोटो काढायला जाताय? मग हे वाचून जा

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये आपली मंडळी बरीच, गोव्याची तर भरपूरच, आणि देशातून पाहुणे आले की जवळपास सगळ्यांची एक ट्रिप ठरलेली असते, लेकॉक नावाच्या जुन्या गावाची. सगळे हाय स्ट्रीटवर उभे राहून फोटो काढतात, "अगदी सिनेमाचा सेट वाटतो ना" म्हणतात आणि परत येतात. मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं. सेट नाहीये हो तो, तिथे माणसं राहतात, भाडं भरतात, त्यांची पोरं त्याच रस्त्यावरच्या शाळेत जातात.

गावाचा मधला भाग म्हणजे हाय स्ट्रीट, वेस्ट, चर्च आणि ईस्ट स्ट्रीट असा चौकोन, रमतगमत फिरलं तरी लगेच संपतो. हाय स्ट्रीट एवढा ऐसपैस आहे कारण तिथे बाजार भरायचा, लोकरीच्या कापडावर चाललेलं गाव होतं हे. पुढे तो धंदा बसला आणि घरं पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही, म्हणून जुनी घरं टिकली. ईस्ट स्ट्रीटच्या बाजूला 14व्या शतकातलं दगडी कोठार आहे, शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा तिथल्या मठाला द्यायचा तो यात साठवायचे. त्याला चिकटूनच एक घुमटाची कोठडी, खिडकी नाही काही नाही, दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर त्यात डांबायचे. आई बाहेरूनच बघून म्हणाली, "अगं, यात माणसाने पाय तरी कुठे पसरायचे?"

जॉर्ज इन नावाच्या जुन्या पबमध्ये मात्र जाच. भल्यामोठ्या चुलाण्याशेजारी लाकडी चाक आहे, त्यात छोटं कुत्रं सोडायचे, ते पळत राहायचं आणि मांस लावलेली सळई विस्तवासमोर फिरत राहायची. तासन् तास! मी ते चाक बघितलं आणि समोरचं जेवण खाववेना.

मठ 1232 सालचा, एला नावाच्या सॉल्सबरीच्या काउंटेसने नन्ससाठी काढलेला. आठव्या हेन्रीच्या काळात 1539 मध्ये तो बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टनने 783 पौंडांना विकत घेतला, मठाचं चर्च पाडलं आणि बाकीच्याचं राहतं घर केलं. त्याच घराच्या एका खिडकीचा हेन्री फॉक्स टॅल्बटने, म्हणजे फोटोग्राफीच्या शोधकांपैकी एकाने, 1835 च्या ऑगस्टमध्ये निगेटिव्ह बनवला, कॅमेऱ्यातून काढलेला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना. पोस्टाच्या तिकिटाएवढा, पण भिंगातून खिडकीच्या दोनशेएक काचा मोजता येत होत्या असं त्यानेच लिहून ठेवलंय. गर्दी त्या खिडकीपाशीच होते आणि व्हायलाही हवी. पण टॅल्बट म्हणजे गावाचा जमीनदार हो, त्याच्या खिडकीची आठवण जगाने जपली, खाली गावात ज्यांनी कापड विणलं, पाव भाजले, कोठारात धान्य वाहून आणलं त्यांची नावं कोणी सांगत नाही. मला ती माणसं जास्त जवळची वाटतात.

1944 मध्ये टॅल्बटची नात मॅटिल्डा टॅल्बट हिने मठ आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. बहुतेक घरं आजही ट्रस्टचीच, म्हणून दर्शनी भिंतीवर टीव्हीचे अँटेना दिसत नाहीत. काही जण म्हणतात गावाचं म्युझियम करून टाकलंय, मला ते पटत नाही. हीच घरं खुल्या बाजारात विकली गेली असती तर श्रीमंतांची वीकेंडची घरं झाली असती, शनिवारी दिवे लागणार आणि बाकी आठवडा कुलूप. भाडेकरू असले तरी माणसं बारा महिने तिथे आहेत म्हणून शाळा आहे, बेकरी आहे, रविवारी चर्चमध्ये माणसं आहेत. हे महत्त्वाचं, दगड-लाकूड नंतर.

तर जाताना गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्येच लावा, आत आणू नका, आणि लोकांच्या खिडक्यांना नाक लावून आत बघू नका प्लीज, मी आपल्याच लोकांना हे करताना पाहिलंय. बेकरीतून काहीतरी घ्या. चर्च स्ट्रीटच्या टोकाला ओढा रस्त्यावरून वाहतो, शेजारी दगडी पूल आहे, पोरांना तिथे पाण्यात उतरू द्या, कपड्यांचा एक जादा जोड मात्र गाडीत ठेवा.