बोटभर ढाळ

केळीला गरम वारा लागू नये म्हणून आमच्याकडे बांधावर शेवरी लावतात. माणसाला तेवढाही खर्च नाही, त्यानं फक्त घरात बसायचं. मी मात्र मे महिन्यात, जळगावात, ४४ अंशांत अंगणात गाडीखाली पडलो होतो.

कारण कॉइलओव्हर. म्हणजे आपला शॉकअपच, पण नळीला बाहेरून आटे. ते फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करायची. भाचा म्हणाला, "मामा, दोन बोटं खाली घेतली की गाडी काय दिसेल!" मामा पाघळले.

पहाटे पाचला सुरुवात केली, कारण दहानंतर उन्हातला पाना हातात धरवत नाही, फडक्यानं तव्यासारखा धरावा लागतो. जुन्या शॉकअपचे खालचे दोन बोल्ट पावसाळे पिऊन बसलेले. तेल मारलं, देवाचं नाव घेतलं. भाच्यानं पान्याच्या दांड्यात शेतातला पीव्हीसी पाइप घातला. तो केळीच्या पानासारखा वाकला. मग हापशाचा जुना लोखंडी पाइप आला आणि बोल्ट असा किंचाळला, की आई पदराला हात पुसत बाहेर आली. वर तीन नट. भाच्याचा पाना सरळ मधल्या चौथ्यावर गेला तेव्हा मात्र मी ओरडलो. दाबलेली स्प्रिंग त्या एकाच नटावर अडून असते. तो सुटला तर मामाही सुटला.

नवे चारही बसले. गाडी घोडीवरून उतरली, दोन बोटं खाली बसली. शेजारचे आप्पा सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते, ते पहिल्यांदा बोलले, "काय व्हयनं भो, स्प्रिंगचा पाटा तुटना का?"

खरी परीक्षा पुढेच होती. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. आप्पा निवृत्त गवंडी, त्यांच्याकडून पाणसळ मागून आणली. पुढच्या दोन्ही मडगार्डवर फळी टेकवली, वर पाणसळ. बुडबुडा डावीकडे. म्हणजे उजवी बाजू खाली.

जॅक लावा, चाक काढा, हूक पान्यानं रिंग सैल करा, नळी फिरवा, रिंग आवळा, चाक लावा, गाडी उतरवा, पुढे-मागे ढकलून बसू द्या. एका फेऱ्याला दोन मिलिमीटर. तीन फेरे दिले, बुडबुडा जेमतेम हलला. पुढचं केलं की मागचं करा. मध्ये आई भरीत-भाकरी देऊन गेली. ग्रीसच्या हातांनी खाल्लेलं भरीत ही वेगळी चव आहे, सांगून कळायची नाही. उन्हं कलली तोवर बारा फेरे झाले. बुडबुडा बरोबर मध्ये! भाच्यानं फोटो काढला.

गाडी दिमाखात रस्त्यावर काढली. सपाट डांबरी रस्त्यावर ती डावीकडे अशी झुकली, जणू कुणाच्या कानात काही सांगतेय.

मी अंगणाकडे पाहिलं. मग आप्पांकडे.

"आप्पा, हे अंगण..."

"मीच केलंय," आप्पा म्हणाले. "मोरीकडे ढाळ दिलाय. पाच फुटांना बोटभर. पावसाचं पाणी थांबतं का बघ कधी."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तू पाणसळ मागितली," आप्पा खुर्ची उचलत म्हणाले, "ती दिली."