इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून प्राध्यापक नेमत नाहीत

माझ्या भाचीची पीएचडी संपत आली आहे, अर्ज भरणं सुरू आहे. परवा तिने बायोडाटा दाखवला. प्रत्येक शोधनिबंधापुढे नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि तळाला सगळ्यांची बेरीज, तीन दशांश स्थळांपर्यंत! हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिने फोन पुढे केला. सगळीकडे फिरणारा तोच मेसेज : प्राध्यापकाची निवड म्हणजे आकड्यांचा खेळ, बेरीज जास्त त्याला नोकरी; कमी पडत असेल तर पैसे भरून झटपट पेपर छापून घ्या; शिकवणं कुणी बघत नाही; नामांकित विद्यापीठाची पदवी नसेल तर अर्जच करू नका.

आधी ही बेरीज. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नाही. आधीच्या दोन वर्षांत तिथे छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच तो सांगतो. स्फटिकशास्त्रातल्या 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'चा हा आकडा २००८ साली २.०५१ होता, २००९ साली ४९.९२६ झाला. कारण एकच लेख. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेलएक्स या संगणक प्रणालीवर लिहिलेला, आणि ती प्रणाली वापरणारे संशोधक त्याचा संदर्भ देत होते. मग शेजारच्या पानांवर छापलेल्यांचं काम वर्षभरात चोवीसपट चांगलं झालं का?

डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या 'डोरा' या संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या जाहीरनाम्याची पहिलीच शिफारस आहे : नेमणूक, बढती, निधी ठरवताना नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं काम मोजू नका. हजारो संस्थांनी त्यावर सही केली आहे. तरी अर्जांचा ढीग चाळताना काही समित्या आकड्यांकडे बघतात, हे मान्य करावंच लागेल. पण चाळणीतून पुढे जाणं म्हणजे निवड नव्हे.

सगळ्यात संताप येतो तो पैसे भरून छापण्याच्या सल्ल्याचा. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहानन यांनी ढळढळीत चुका पेरलेला बनावट निबंध लेखकांकडून पैसे घेऊन छापणाऱ्या ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला! 'तीन दिवसांत स्वीकृती'वाल्या ईमेल समितीवरच्या प्राध्यापकांनाही रोज येतात, ती नावं त्यांना पाठ असतात. असा एक पेपर यादीत दिसला की चार वर्षं खपून केलेल्या चांगल्या कामाकडेही संशयाने बघितलं जातं. हा सल्ला देणाऱ्याचं काहीच जात नाही, पोरांचं जातं.

शिकवणं बघत नाहीत म्हणे. अनेक ठिकाणी उमेदवाराला फळ्यापुढे उभं करून नमुना तास घ्यायला लावतात. निवृत्त झालेल्यांचा विषय उद्यापासून कोण शिकवणार, हा विभागापुढचा पहिला प्रश्न असतो.

नामांकित पदवीचं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते लिहिताना वाईट वाटतं. अमेरिकेतल्या तीन विषयांच्या २०१५च्या अभ्यासात एक चतुर्थांश संस्थांमधूनच ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक आलेले दिसले. पण म्हणजे उरलेले १४ ते २९ टक्के बाकीच्या संस्थांमधून आले, आणि त्यांनी अर्ज केला होता. भाचीने बेरीज खोडली आहे. प्रत्येक निबंधाखाली त्यात स्वतः काय केलं ते दोन ओळींत लिहितेय. अर्ज ती भरणारच आहे.