ऑस्ट्रेलियन चित्रपट हत्याकांडं वाढवून दाखवतात, या दाव्याला उत्तर

एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: ‘द ट्रॅकर’, ‘स्वीट कंट्री’, ‘द नाइटिंगेल’ असे अलीकडचे ऑस्ट्रेलियन चित्रपट गोऱ्या वसाहतवाल्यांना खुनी ठरवण्यासाठी रक्तपात फुगवतात. कत्तलींचे पुरावे नाहीत. गोळ्या झाडणारे पुष्कळदा ॲबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी) पोलीसच होते. त्या काळाला जवळ असलेले आणि खरे ॲबोरिजिनल कलाकार घेतलेले जुने चित्रपट जास्त विश्वासार्ह आहेत.

आधी जुन्या चित्रपटांचं बघू. १९५५ चा ‘जेडा’ हा ऑस्ट्रेलियाचा पहिला रंगीत कथापट. तो घडतो देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात. याच टेरिटरीत १९२८ साली कॉनिस्टनचं हत्याकांड झालं होतं, म्हणजे अवघ्या २७ वर्षांपूर्वी, आणि त्यातून वाचलेली माणसं तेव्हा हयात होती. चित्रपटात त्याचा उल्लेख नाही. जमीन कुणाची होती, पाणी कुणी अडवलं, हे प्रश्नही नाहीत. गोऱ्या घरात वाढलेल्या मुलीला तिचं ‘रक्त’ रानाकडे ओढतं, एवढ्यावर सगळा संघर्ष उभा केलाय. नायिका आणि तिला पळवणारा मारबक या भूमिका ॲबोरिजिनल कलाकारांनी केल्या, हे खरं. पण मिश्र वंशाच्या जोची भूमिका तोंडाला रंग लावलेल्या गोऱ्या नटाची आहे. १९६७ च्या ‘जर्नी आउट ऑफ डार्कनेस’मध्ये तर ॲबोरिजिनल माग काढणारा म्हणून रंग फासलेला एड डेव्हरो आहे आणि कैदी म्हणून मलायात जन्मलेला तमिळ गायक कमल. काळाची जवळीक इथे काहीही सिद्ध करत नाही.

आता पुराव्यांचं. आधी कॉनिस्टन. ऑगस्ट १९२८ मध्ये, दुष्काळात, फ्रेड ब्रूक्स हा डिंगो (रानकुत्रे) पकडणारा गोरा माणूस एका पाणवठ्यापाशी मारला गेला. त्यानंतर कॉन्स्टेबल विल्यम मरेच्या तुकड्या ऑक्टोबरपर्यंत ॲबोरिजिनल माणसं मारत फिरल्या. सरकारी आकडा ३१ मृतांचा. तिथल्या वार्लपिरी, अनमाट्यर आणि केटेज या ॲबोरिजिनल लोकांच्या पिढ्यांनी सांगितलेला आकडा शंभराच्या पुढे जातो. चौकशी मंडळात तिघे होते. त्यातले एक जे. सी. कॉवूड, म्हणजे मरेला पाठवणारा अधिकारीच! मंडळाने जानेवारी १९२९ मध्ये सगळा गोळीबार स्वसंरक्षणार्थ ठरवला. ब्रूक्सच्या खुनाबद्दल ज्या दोघा ॲबोरिजिनल माणसांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. कागद आहेत, पण ते गोळ्या झाडणाऱ्यांनी आणि त्यांच्या वरिष्ठांनी लिहिलेले आहेत. २०१८ मध्ये टेरिटरीच्या पोलिसांनी या हत्याकांडाबद्दल माफी मागितली.

‘स्वीट कंट्री’ याच मुलखातला, १९२९ चा. त्यात एक गोरा मरतो, एक ॲबोरिजिनल माणूस फरार होतो, आणि न्यायाधीश त्याला सोडून देतो. आठवडेच्या आठवडे चाललेली कत्तल त्यात नाही. नोंदींशेजारी ठेवला तर हा चित्रपट सौम्यच आहे.

इतर ठिकाणी साक्षी कमी का, याचं कारण कायद्यात सापडतं. ख्रिस्ती शपथ घेऊ न शकणाऱ्या ॲबोरिजिनल माणसाची साक्ष न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयांत १८७६ पर्यंत चालत नव्हती. १० जून १८३८ ला तिथल्याच मायल क्रीकला निदान २८ ॲबोरिजिनल माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. ते पाहिलेला यिंतायिंतिन हा ॲबोरिजिनल माणूस साक्ष देऊ शकला नाही. खटला उभा राहिला तो जॉर्ज अँडरसन या गोऱ्या सजायाफ्ता नोकराच्या जबानीवर. पहिल्या खटल्यात अकराही आरोपी सुटले, दुसऱ्यात सात दोषी ठरले आणि १८ डिसेंबरला फासावर गेले. यातून इतर वसाहतवाले एवढंच शिकले की तोंड उघडायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठात इतिहासकार लिंडल रायन यांच्या गटाने केलेला हत्याकांडांचा नकाशाही जपूनच मोजतो: एकाच कारवाईत स्वतःचा बचाव करू न शकणारी सहा किंवा अधिक माणसं मारली गेली, तरच नोंद. सहाच का? वीसेक जणांच्या गटातून सहा गेले की उरलेल्यांचं जगणंच धोक्यात येतं, म्हणून. इतक्या कडक निकषावरही चारशेहून अधिक ठिकाणं निघाली.

ॲबोरिजिनल पोलिसांचा मुद्दा अर्धा सांगितला जातो. क्वीन्सलँड वसाहतीच्या नेटिव्ह पोलिसांत, म्हणजे ॲबोरिजिनल शिपायांच्या दलात, शिपाई मुद्दाम दूरच्या मुलखातून भरती करत, म्हणजे समोर नातलग नसत. हुकूम गोऱ्या अधिकाऱ्याचा असे, बंदूक सरकारी असे. अहवालात मारण्याला ‘पांगवलं’ म्हणत. ही यंत्रणा पडद्यावर फारच कमी दिसते. बहुतेक चित्रपट सगळा दोष एका क्रूर माणसावर टाकून मोकळे होतात, आणि आमच्या मते खरी तक्रार इथे करायला हवी.

रक्तपाताचं म्हणाल, तर ‘द ट्रॅकर’ (२००२) कत्तलीच्या क्षणी कॅमेरा फिरवून पीटर कोड यांची चित्रं दाखवतो. ‘द नाइटिंगेल’ १८२५ च्या टास्मानियात घडतो. तिथे लष्करी कायदा लागला तो त्यानंतर तीन वर्षांनी. १८३० मध्ये दोनेक हजार माणसांची साखळी वसाहतींच्या मुलखातून फिरवून मूळ रहिवाशांना हाकलण्याची मोहीम निघाली. चित्रपट तिथपर्यंत पोचतही नाही.

शोधायच्याच असतील तर याच चित्रपटात दुसऱ्या त्रुटी सापडतील. बिली हा टास्मानियन वाटाड्या साकारणारा बायकाली गनंबार आर्नहेम लँडचा, म्हणजे दूर उत्तर ऑस्ट्रेलियातला, योल्ङु समाजाचा आहे. तो बोलतो ती पलावा कानी ही जुन्या नोंदींवरून पुन्हा उभारलेली भाषा आहे, १८२५ ची बोली नव्हे. जिम एव्हरेट या टास्मानियन ॲबोरिजिनल ज्येष्ठांच्या सल्ल्याने ती वापरली गेली.